वांगं काढलेला मोजा

विमलाबाई मेस्त्रींना भुतं दिसत नसत. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत त्यांच्याबद्दल काहीबाही बोललं जातं आणि मला त्या बोलण्याचा मनस्वी राग येतो. बाईंची एकच गोष्ट विचित्र होती. डिसेंबरात लाल मोजे दोरीवर टांगून झाले की त्या ते मोजायच्या, आणि दर वेळी एक जास्त भरायचा. पोरं मोजताना, चटया मोजताना, खडू मोजताना त्यांची कधी चूक झाली नाही. फक्त मोज्यांच्या वेळी.

बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीपासून दोन गल्ल्या अलीकडे, एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावर बाईंची बालवाडी होती. एक खोली, एक मोरी, समोर फरशीचं अंगण. एक्केचाळीस वर्षं चालली. त्यातली शेवटची अकरा मी त्यांच्या हाताखाली काढली. मी जान्हवी. डोकं माझं लवकर तापतं. बाई म्हणायच्या, "पोरांना सांभाळायला मी आहे, तुला पालकांशी भांडायला ठेवलीय."

बाईंचे वडील परळच्या गिरणीत होते. संपानंतर गिरणी गेली आणि सगळं बिऱ्हाड इकडे आलं. धाकट्या भावंडांचं करता करता बाईंचं लग्न राहून गेलं. "छत्री विसरते ना कुणाकडे, तसं विसरलं," असं त्या हसत सांगायच्या. मालवणी घरातली बाई, पण वर्गात अगदी शुद्ध बोलायची. फार राग आला किंवा फार वाईट वाटलं तरच गावची भाषा बाहेर पडायची. त्यामुळे त्या मालवणीत बोलायला लागल्या की मी हातातलं काम ठेवून ऐकायचे.

मराठी बालवाडीत नाताळचे मोजे कुठून आले, असं लोक विचारतात. सत्त्याण्णव साली रस्त्यापलीकडे इंग्रजी प्लेग्रुप निघाला. त्यांनी नाताळात सांताक्लॉज नाचवला आणि पुढच्या जूनला बाईंची नऊ पोरं तिकडे गेली. बाई भडकल्या. "नाताळबाबा काय त्यांच्या बापाचा आहे?" म्हणाल्या. गणपती मंडळाकडून मखराचं उरलेलं लाल सॅटिन मागून आणलं, घरच्या मशीनवर मोजे शिवले आणि मेडिकलमधून कापूस आणून वर पांढरी किनार लावली. पोरांना वाचता येत नाही, म्हणून बालवाडीत प्रत्येकाची एक खूण असते. जूनमध्ये पोरगं स्वतः निवडतं. तीच खूण चटईवर, पेल्यावर, पाटीवर. मोज्यावरही बाई तीच खूण रंगवायच्या. आंबा, मोटार, फूल, मासा.

भरायची पद्धतही ठरलेली. बावीस तारखेपर्यंत आईबापांनी पोराच्या नकळत एक लहानसं पुडकं बाईंच्या हातात द्यायचं. ज्यांच्याकडून येत नसे त्यांच्यासाठी बाईंच्या ट्रंकेत रबरी चेंडू, रंगीत खडू, शिट्ट्या भरलेल्या असायच्या. चोवीस तारखेला सकाळी दहा वाजता मी पोरांना अंगणात खेळायला न्यायचे. बाई पडदा ओढून मोजे भरायच्या आणि घंटा द्यायच्या. मग जो काही कल्ला व्हायचा तो शब्दांत सांगता येणार नाही. "आमच्याकडे एकही मोजा रिकामा राहत नाही," असं बाई नव्या पालकांना सांगायच्या. मला ते ऐकून अभिमान वाटायचा. ते सांगताना बाई नेहमी दुसरीकडे बघायच्या, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

अंगणातून पडद्याच्या फटीतून मला त्या दिसायच्या. सगळे मोजे भरून झाले की त्या पहिल्यापासून सुरुवात करायच्या आणि प्रत्येक मोज्यात हात घालून पार अंगठ्यापर्यंत चाचपायच्या. भरलेल्या मोज्यात पुन्हा हात का घालायचा? दोरीच्या टोकाला पोचल्या की थांबायच्या. तिथे मोजा नसायचा, नुसती भिंत. पण त्यांचा हात तसाच पुढे जायचा आणि बाई काहीतरी बोलायच्या. ओठ हललेले दिसायचे. मग घंटा वाजवताना त्यांचा चेहरा पांढरा पडलेला असायचा. पहिल्या वर्षी मला वाटलं साखर कमी झाली असेल. मी लिमलेटची गोळी दिली आणि त्यांनी ती निमूटपणे चघळली.

गेल्या डिसेंबरात, म्हणजे दोन हजार चोवीसला, बालवाडीचा शेवट आला. सोसायटी पाडून टॉवर होणार होता आणि एकतीस तारखेला खोलीची चावी द्यायची होती. अठरा पोरं उरली होती. चोवीस तारखेला सकाळी बाई आणि मी मोजे टांगत होतो. टांगून झाल्यावर बाईंनी बोट फिरवत मोजले आणि म्हणाल्या, "एकोणीस."

"अठरा, बाई. अठराच शिवलेत."

"तू मोज."

मी मोजले. एकोणीस आले. मी डोळे चोळले नाहीत की काही नाही, सरळ पुन्हा मोजले. अठरा. मी आजही शपथेवर सांगते, पहिल्या वेळी मी नीट मोजले होते, एकेका मोज्याला बोट लावून. शेवटच्या मोज्याला बोट लावलं तेव्हा सॅटिनचा थंड स्पर्शसुद्धा झाला होता. माझ्या अंगावर काटा आला आणि घाबरले की मला जे होतं तेच झालं. मी चिडले.

"बाई, हे काय लावलंय तुम्ही? अकरा वर्षं बघतेय मी. आज सांगितल्याशिवाय मी पोरांना आत घेणार नाही."

बाई मागे वळल्या. स्टीलच्या कपाटाचा खालचा खण उघडला, जुन्या हजेरीपटांच्या मागे हात घातला आणि एक पुडकं काढून माझ्या हातावर ठेवलं. वितीएवढं लांब. निळा कागद, त्यावर चंदेरी चांदण्या. न उघडलेलं. एका कोपऱ्यातून हिरवट पांढरा डाग बाहेर आला होता आणि अर्ध्या कागदावर पसरला होता. हाताला ते खरखरीत, मिठासारखं लागलं.

"हा डाग दर वर्षी थोडा वाढतो," बाई म्हणाल्या. "आधी नखाएवढा होता."

"कुणाचं आहे हे?"

"सर्वेशचं."

पोरं अंगणात मदतनीस मावशींजवळ ओरडत होती आणि बाई लहान पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसून मला सांगत होत्या. सर्वेश तोडणकर, दोन हजार आठ सालचा. साडेचार वर्षांचा. खूण निवडताना सगळी पोरं आंबा नाहीतर मोटार मागतात. या पठ्ठ्याने वांगं मागितलं. बाईंनी विचारलं, "का रे?" तर म्हणाला, "त्याला कोणी घेत नाही." त्याची आई मानसी दारात उभी राहून हसत होती. हडकुळी झाली होती तेव्हाच. आधी ती त्याला सोडायला यायची, मग दोन दिवसांआड, मग दिवाळीनंतर आलीच नाही. नोव्हेंबरात गेली. बारा-तेरा दिवसांनी पोरगं पुन्हा शाळेत आलं. बाप सहाला कामावर जायचा, म्हणून शेजारच्या जयंतीबेन त्याला आणून सोडत.

बावीस डिसेंबरला जयंतीबेननी हे पुडकं बाईंच्या हातात दिलं. "सर्वेशचं आहे," एवढंच म्हणाल्या आणि घाईत गेल्या. बाईंना वाटलं, शेजारणीने मायेने आणलं असेल.

"आणि मी ते ठेवून दिलं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"आई जाऊन दीड महिना झाला नव्हता. वर्षश्राद्ध व्हायचं होतं. त्या घरात वर्षभर सण नाही. जयंतीबेन गुजराती, त्यांना आपल्यातलं काय कळणार, असं मला वाटलं. मी पोराच्या हातात सणाची भेट दिली तर बापाला काय वाटेल? पोराची आई गेली आणि ही बाई त्याला नाताळ करायला लावते, असंच ना? वर्ष झालं की देऊ, म्हटलं."

 बाईंनी स्वतःहून पुढचं सांगितलं. त्या आठ वर्षांच्या असताना त्यांचा थोरला भाऊ गेला होता. त्या वर्षीच्या दिवाळीत शेजारच्यांनी दिलेली एक फुलबाजी त्यांनी चाळीच्या गॅलरीत पेटवली, तर त्यांच्या आईने सगळ्यांदेखत थोबाडीत मारली होती. ती थोबाडीत त्यांनी आयुष्यभर नियम म्हणून सांभाळली. घरात कुणी गेलं की सण नाही. त्यात साडेचार वर्षांचं पोर बसतं का, मोजा बसतो का, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

"पण मग मोजा तरी कशाला टांगलात त्याचा?" मी विचारलं.

"त्याने टांगला. स्वतः. तेव्हा आदल्या दिवशी पोरंच आपापला मोजा टांगायची. मी काढायला हवा होता. वाटलं, राहू दे, त्याला कळणार नाही."

त्या वर्षी चोवीसला घंटा झाली, पोरं आत आली. सर्वेश आपल्या मोज्याशी गेला आणि त्याने आत हात घातला. पार अंगठ्यापर्यंत. हात बाहेर काढला, तळवा बघितला, पुन्हा घातला. कापडावर त्याची नखं घासत होती आणि एवढ्या कल्ल्यात बाईंना तेवढाच आवाज ऐकू येत होता. तो रडला नाही. दुसऱ्यांना काय मिळालं तेही त्याने बघितलं नाही. मोजा काढून बाईंकडे घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, माझ्या मोज्याला भोक पडलंय का?"

"मी म्हटलं, नाही रे बाळा, तुझ्याकडे यंदा सण नसतो. त्याने मोजा उलटा केला. सगळी शिवण बोटाने तपासली. मग सरळ केला, घडी घातली आणि खिशात ठेवला. जानेवारीत शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. खोली सोडून गेले, एवढंच कळलं."

मी बाईंवर ओरडले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. "सोळा वर्षं? सोळा वर्षं हे कपाटात? बापाचा पत्ता शोधायला एक दिवस लागला असता तुम्हाला!"

"पयल्या वर्षाक लाज वाटली गो," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षाक त्याहून जास्त. मगे इतकी वर्षां झाली की तोंड खंयचा दाखवू, असा झाला."

मोजताना जास्त येणारा मोजा कुणाचा, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. त्या दिवशी अठरा पोरांचे मोजे बाईंनी भरले, पोरं ओरडली, नाचली, घरी गेली. आम्ही दोघींनी दोरी सोडली. दोरी सोडताना बाई म्हणाल्या, "मला त्याला शोधायचंय. त्या दिवशी घरी गेल्यावर पोराचं काय झालं, ते मला कळलं पाहिजे. त्याशिवाय ही खोली सोडून मी जाणार नाही." मला वाटलं, बरं झालं, आता सुटेल हे सगळं. मी किती मूर्ख होते.

शोधायला खरंच एक दिवस लागला. हजेरीपटावर काजूपाड्यातल्या चाळीचा पत्ता होता. चाळ पाडून तिथे इमारत उभी राहिलीय. जयंतीबेन आता नाहीत, पण त्यांचा मुलगा धवल तिथेच राहतो. आईच्या जुन्या डायरीत त्याला मधुकर तोडणकरांचा नंबर सापडला. मी फोन केला. "तुमच्या सर्वेशच्या बालवाडीच्या बाई भेटायला येऊ म्हणतायत," एवढंच सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "या ना. सर्वेश नसतो इथे. पण या."

सत्तावीस तारखेला दुपारी आम्ही रिक्षाने दहिसरला गेलो. नदी ओलांडली की नवे टॉवर लागतात, त्यातल्या एकात चौदाव्या मजल्यावर. बाईंनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती आणि पुडकं पिशवीत न ठेवता दोन्ही हातांत धरलं होतं. रिक्षात सबंध वाट त्या एकदाही मागे टेकून बसल्या नाहीत. लिफ्टमध्ये आरसा होता. बाईंनी त्याकडे पाठ केली.

मधुकर तोडणकर पन्नाशीचे होते. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे, अजूनही करतात. त्यांच्या सुट्टीचा वार होता, पायजमा आणि बनियनवर शर्ट घाईत चढवलेला. भिंतीवर मानसीचा फोटो, चंदनाचा हार, समोर उदबत्ती. "बसा," ते म्हणाले. मी बसले. बाई बसल्या नाहीत. त्यांनी उभ्यानेच पुडकं पुढे केलं.

ते पुडकं बघून त्या माणसाच्या चेहऱ्याचं जे झालं ते मला विसरता येत नाही. त्यांनी हात पुढे केला नाही. एक पाऊल मागे सरले.

"हे तुमच्याकडे कुठून?"

बाईंनी सगळं सांगितलं. मी असते तर थोडं सावरून सांगितलं असतं, थोडं रिवाजावर ढकललं असतं, थोडं जयंतीबेनवर. बाईंनी काहीही ढकललं नाही. त्या म्हणाल्या, पुडकं हातात आलं होतं, मी दिलं नाही. मोजा रिकामा आहे हे मला ठाऊक होतं. पोराने दोनदा हात घातला, भोक आहे का विचारलं, मी नाही म्हटलं. असं एकापुढे एक. मधुकरभाऊ ऐकत होते आणि त्यांचा हात शर्टाच्या बटणाशी चाळा करत होता. बाई थांबल्या तरी ते बटण फिरतच राहिलं.

"टॉर्च आहे त्यात," ते म्हणाले. "सेल फुटले असतील. म्हणून तो डाग."

मग ते खुर्चीत बसले. आमच्याकडे न बघता, फोटोकडेही न बघता, खाली फरशीकडे बघून बोलत राहिले.

चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला होता आणि सर्वेश अंधाराला फार घाबरायचा. आईचा हात धरल्याशिवाय जायचा नाही. मानसीला कळलं होतं की आता आपला हात नसणार. हॉस्पिटलातून तिने नर्सकडून टॉर्च मागवला, कागद मागवला आणि पलंगावर बसून स्वतः गुंडाळला. म्हणाली, हा नाताळबाबाकडूनच मिळू दे त्याला. माझ्याकडून दिलात तर तो वापरणार नाही, जपून ठेवेल. म्हणून मधुकरभाऊंनी तो जयंतीबेनकडे दिला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

"म्हणजे ते तिचं होतं," बाई म्हणाल्या. आवाज असा की मी त्यांचा दंड धरला.

"चोवीस तारखेला कामावरून आलो. विचारलं, काय रे, काय मिळालं? म्हणाला, काही नाही. मोजा रिकामा होता. मी म्हटलं, नीट सांग. म्हणाला, रिकामा होता. जयंतीबेनकडे गेलो. त्या म्हणाल्या, मी बाईंच्या हातात दिलाय, देवाशपथ. तुम्हीच सांगायचात ना, इथे एकही मोजा रिकामा राहत नाही, म्हणून तुम्हाला विचारायचं मनातही आलं नाही. मग मी सगळी खोली उलटीपालटी केली. दप्तर, गादी, गॅलरी. तिची शेवटची वस्तू होती ना ती. आणि हा पोरगा पहिल्याच दिवशी हरवून आला आणि वर खोटं बोलतोय, असं वाटलं मला."

त्यांनी बटण सोडलं. खाली रस्त्यावरून भाजीवाल्याचा भोंगा चालला होता.

"मारलं मी त्याला. पट्ट्याने. खरं बोल म्हणत होतो आणि मारत होतो. तो तेच सांगत होता. रिकामा होता पप्पा, रिकामा होता. खिशातून तो मोजा काढून दाखवत होता मला. आत हात घालून दाखवत होता. जयंतीबेननी येऊन सोडवला."

बाईंनी माझा हात आपल्या दंडावरून काढला. 

"दुसऱ्या दिवशी त्याला इथे दहिसरला बहिणीकडे आणून ठेवला. बहिणीला सांगितलं, पोरगा खोटं बोलतो, लक्ष ठेव. तेच त्याला चिकटलं. घरात काही हरवलं की सगळे त्याच्याकडे बघायचे. शाळेत गणिताचं पुस्तक हरवलं तरी मी म्हणायचो, मोज्यासारखं नको सांगूस. मोज्यासारखं! आमच्या घरात तो शब्दच झाला. आधी भांडायचा, रडायचा. सातवी-आठवीपासून नुसता गप्प. आता पुण्याला नोकरी करतो. गणपतीला येतो, दोन दिवसांत परत. जेवलास का विचारलं की हो म्हणतो. त्यापुढे काही बोलत नाही."

"कधीच बोलला नाही त्याबद्दल?" हे मी विचारलं. विचारायला नको होतं.

"एकदा. पुण्याला निघाला त्या दिवशी. बॅग भरून झाली होती. दारात उभा राहून म्हणाला, पप्पा, तो मोजा रिकामा होता." मधुकरभाऊंनी आता पहिल्यांदा मान वर केली. "मी काय म्हटलं माहितीये? म्हटलं, जाऊ दे ना सर्वेश. लहान होतास. मी माफ केलं तुला."

मला रडू आलं. बाईंना आलं नाही. त्या पुढे झाल्या, पुडकं टीपॉयवर ठेवलं आणि त्या माणसाच्या समोर फरशीवर बसल्या. सदुसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात तरी.

"मी मारलंय त्याला," बाई म्हणाल्या. "तुमच्या हाताने मीच मारलंय. माका माफ करू नका. पण त्याका सांगा."

मधुकरभाऊंनी "नाही हो बाई" वगैरे काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं असं मला वाटत नाही. त्यांनी पुडक्याकडे बघितलं, पण हात लावला नाही. मोबाईल उचलला. दोनदा चुकीचं काहीतरी दाबलं गेलं आणि शेवटी फोन लागला तो स्पीकरवरच लागला. त्यांना तो बंद करता आला नाही, किंवा करायचा नव्हता.

"हॅलो. बोला पप्पा." मागे ऑफिसातला गलका, कुणीतरी चहासाठी हाक मारत होतं.

"कामात आहेस?"

"नाही, बोला. काय झालं?"

"सर्वेश." मधुकरभाऊंनी फोन दोन्ही हातांत धरला. "तो मोजा रिकामा होता रे."

पलीकडचा गलका हळूहळू कमी झाला. तो चालत कुठेतरी बाहेर गेला असावा. दार लागल्याचा आवाज आला.  मला वाटलं फोन कापेल. त्याने कापला नाही.

"कोण म्हणालं?" त्याने विचारलं.

अगदी साधं विचारलं त्याने. राग नव्हता की काही नव्हतं. बापाला हे कुणीतरी दुसऱ्याने सांगितलं असणार, एवढं त्याला विचारण्याआधीच माहीत होतं. मधुकरभाऊंनी बाईंकडे बघितलं. फोन त्यांच्या हातात तसाच हवेत राहिला.

बाईंनी फरशीवरून हात वर केला आणि तो फोन स्वतःकडे घेतला.

"मी म्हणाले, सर्वेश," त्या म्हणाल्या. "मी विमलाबाई. तुझ्या मोज्याला भोक नव्हतं बाळा. मी त्यात काही घातलंच नव्हतं. तू खरं सांगत होतास."

पलीकडे तो वीस-एकवीस वर्षांचा मुलगा रडायला लागला. मोठ्याने, लाज न बाळगता, लहान पोरं रडतात तसा. आम्ही तिघं ते ऐकत राहिलो आणि कुणीही त्याला गप्प राहा म्हणालं नाही.